तांदळाची पिशवी, खंबाटकी आणि ओवीची सीट

माझी लेक ओवी तेव्हा सात महिन्यांची होती. लिंबहून मावशीकडून आम्ही साताऱ्याला परत येत होतो. गाडी मी चालवत होते. मागे आई, तिच्या मांडीवर ओवी आणि शेजारी मावशीने दिलेली पाच किलो इंद्रायणी तांदळाची पिशवी. सर्व्हिस रोडवर एक कुत्रं आडवं आलं. वेग फार तर चाळीस असेल. मी ब्रेक दाबला आणि ती पिशवी दोन सीटांच्या मधून सुसाट येऊन गिअरच्या दांड्यावर आदळली. सगळ्या गाडीत तांदूळ. आईने ओवीला घट्ट धरलं होतं, तिला काही झालं नाही. पण पिशवी पाच किलोची होती आणि ओवी साडेसात किलोची. घरी येऊन तांदूळ वेचताना हे गणित डोक्यातून जाईना.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रात्री सांगितलं. दादांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. ते म्हणाले, "हाताने धरून काय होतंय? ब्रेकला धडधाकट माणूस स्वतःला धरू शकत नाही, तो लेकराला काय धरणार?" नंतर मी हिशोब करून पाहिला. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतल्या सुट्या माणसाला बसणारा फटका सुमारे दहा मीटरवरून खाली पडल्याइतका असतो. म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून. लेकराला मांडीवर घेऊन गच्चीच्या कठड्यावर कोणी बसेल का?

तर कार सीट, म्हणजे लहान मुलाला गाडीत पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी सीट, घ्यायची ठरली. माझी गरज साधी होती. सोमवार ते शुक्रवार घरातून गोडोलीला आईकडे, तिथून मी ऑफिसला. आणि एक आड एक शनिवारी पुण्याला, कारण नवरा नोकरीमुळे तिकडे राहतो. गाडी २०१३ची, सेकंडहँड, छोटी. आयसोफिक्स नाही. आयसोफिक्स म्हणजे गाडीच्या सीटच्या खाचेतच असलेल्या दोन लोखंडी कड्या, ज्यात कार सीट सरळ खटकन बसते. आमच्या गाडीत त्या खाचेत फक्त शेंगदाण्याची टरफलं निघाली. म्हणजे जी काही सीट घेऊ, ती गाडीच्या साध्या तीन टोकांच्या पट्ट्यानेच बांधायची.

ऑफिसातल्या एकीने तिच्या भावाकडची जुनी सीट फुकट देऊ केली. दिसायला नव्यासारखी. मी विचारलं, ती गाडी कधी ठोकली होती का? तिला माहीत नव्हतं. अपघात सोसलेली सीट वरून धड दिसली तरी आतून गेलेली असू शकते, शिवाय या सीटला मुदतही असते, तळाला प्लास्टिकवर छापलेली. त्या सीटवर ते अक्षर घासून गेलं होतं. मी नको म्हटलं. तिला ते आवडलं नाही, हे पुढचे चार दिवस डब्याच्या वेळी कळत होतं.

पुण्यातल्या पहिल्या दुकानात सेल्समनने मोठ्या झोकात एक सीट पुढे केली. "मॅडम, जन्मापासून बारा वर्षांपर्यंत एकच. एकदा घ्या, विसरून जा." खोक्यावर लिहिलं होतं, ० ते ३६ किलो. मी विचारलं, यात बाळ उलटं, म्हणजे गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून, किती किलोपर्यंत बसतं? त्याने खोकं फिरवून फिरवून पाहिलं आणि शेवटी म्हणाला, उलटं कशाला बसवायचं, सरळ बसवा की, बाहेरचं दिसतं.

इथे जरा थांबते, कारण खरा मुद्दा हाच आहे. कन्व्हर्टिबल सीट म्हणजे आधी उलटी आणि पोर मोठं झाल्यावर सरळ लावता येणारी सीट. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं. आपलं, मोठ्यांचं, साधारण आठवा हिस्सा. मान मात्र कोवळी. सरळ बसलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी अडतं आणि एवढं जड डोकं पुढे फेकलं जातं, ते सगळं मानेवर येतं. उलटं बसलेलं असेल तर डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन नावाच्या प्राध्यापकांनी १९६०च्या दशकात अशी उलटी सीट बनवली. अंतराळवीर यानात जसे पाठीवर दाब घेत बसतात, त्यावरून त्यांना हे सुचलं. तिकडे चार वर्षांपर्यंत मुलं उलटी बसवायची पद्धत आहे.

दादांना हे सांगितलं तर त्यांना अंतराळवीरांची गरज पडली नाही. "बरोबर आहे. ब्रेक लागला की पुढे तोंड करून उभा असलेला पडतो. पार्टिशनला पाठ लावून उभा राहिलेला कंडक्टर कधी पडलाय?"

त्यामुळे खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा उलट्या बाजूचा आकडा बघायचा असं मी ठरवलं. युरोपच्या जुन्या नियमाने, ज्याला ईसीई आर४४/०४ म्हणतात, बनलेल्या बहुतेक कन्व्हर्टिबल सीट १३ किलोपर्यंत उलट्या आणि ९ ते १८ किलोपर्यंत सरळ चालतात. नव्या आर१२९ नियमात वजनाऐवजी उंची धरतात, बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी असते आणि पंधरा महिन्यांच्या आत सरळ बसवायला परवानगीच नाही. दोन्हींची खूण म्हणजे सीटवर चिकटवलेलं नारिंगी लेबल आणि त्यावर गोलात ई. ते नसेल तर पुढे बघूच नये. आपल्याकडेही कायदा आहे: २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमाप्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा अशा सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. आणेवाडीच्या टोलनाक्यावरून आम्ही इतक्या वेळा गेलो, मला कोणी हटकलेलं नाही.

दुसऱ्या दुकानाचा मालक भला माणूस निघाला. मी म्हटलं, गाडीत लावून बघितल्याशिवाय घेणार नाही, तर त्याने पोऱ्याकरवी दोन सीट रस्त्यावर आणून दिल्या. नशीब. पहिली सीट मला मनापासून आवडलेली, मऊ, राखाडी, सुंदर. उलटी ठेवून पट्टा सीटच्या पाठीभोवती फिरवला आणि तो बक्कलपासून चार बोटं अलीकडेच संपला. कितीही ओढा. दुकानात बसून हे कधीच कळलं नसतं. दुसरीला पट्टा पुरला, पण उलटी ठेवल्यावर ती इतकी जागा खायची की पुढची सीट पार पुढे सरकवावी लागली. सहा फुटी नवरा तिथे बसला तेव्हा त्याचे गुडघे थेट डॅशबोर्डला.

मग रस्त्यातच आमचा खल सुरू झाला. मी पाच फूट एक इंच, माझी सीट तशीही पुढेच असते, तर माझ्यामागे लावावी? जागा भरपूर होती. पण उजवीकडचं दार रस्त्याच्या बाजूला उघडतं, आणि गोडोलीत सकाळी साडेनऊला त्या बाजूने बाळ काढायचं म्हणजे पाठीला स्कूटर घासून जाणार. नवऱ्याचं म्हणणं, मग पुढेच लाव ना, तू एकटी चालवतेस, तुला ती दिसेल. याला मात्र मी ठाम नकार दिला. समोरच्या सीटला एअरबॅग आहे. ती फुगते ती उलट्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच. शेवटी डावीकडे मागे सीट आणि नवरा तिच्याशेजारी, उजव्या कोपऱ्यात. पुण्यात असलो की तो अजून तिथेच बसतो, चुरमुरे खात.

दुसरीच घेतली. नऊ हजार आठशे रुपये, वजन साडेसहा किलो.

बसवणं हे वेगळंच प्रकरण. आमच्या गाडीला आधीच्या मालकाने रेक्झिनची कव्हरं घातलेली. त्यावर सीट साबणासारखी सरकायची. त्या अर्ध्या भागाचं कव्हर मी कात्रीनेच काढलं. उलट्या बाजूच्या पट्ट्याचा मार्ग निळ्या खुणांचा, सरळ बाजूचा लाल. पहिल्या दिवशी मी निळ्यात सुरुवात करून लालमध्ये शेवट केला होता. सीटमध्ये गुडघा रोवून सगळा भार टाकायचा आणि तेव्हाच पट्टा ओढायचा. मग पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवायचं, एक इंचापेक्षा जास्त हलली नाही म्हणजे झालं. बाजूला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर हवी. आमच्या गाडीची मागची बैठक उतरती, त्यामुळे सीट फार उभी राहायची आणि झोपेत ओवीची हनुवटी छातीवर यायची, श्वासाला ते बरं नाही. माहितीपुस्तिकेत चालतं असं लिहिलं होतं म्हणून टॉवेलची गुंडाळी खाली घातली.

आईचा विरोध मात्र सहा महिने टिकला. "अगं, लेकराला काय आरोपीसारखं बांधतीयास? आणि त्याचं तोंड मागं! आजी बघायला नको का त्याला?" मग ओवी दोन वर्षांची झाल्यावर नवा मुद्दा: पाय दुमडतात. दुमडतात, खरंय. ती मांडी घालून बसते, जशी जेवायला बसते. मोडलेला पाय बरा होतो, आई, मान नाही, असं मी एकदा जरा जोरातच बोलले. नंतर वाईट वाटलं. पण त्यानंतर आईच पट्ट्याची चिमूट बघायला लागली. खांद्यावरच्या पट्ट्याला दोन बोटांनी चिमटा काढायचा, चिमटीत पट्टा आला तर सैल आहे. हे मी तिला शिकवलं आणि आता ती माझ्याच चुका काढते. डिसेंबरात महाबळेश्वरला निघालो तेव्हा फुगीर जर्किनसकट मी ओवीला बांधलं होतं. आईने बाहेर काढायला लावलं. जर्किन दाबलं जातं आणि आत पट्टा ढिला राहतो. आधी पट्टा, मग वरून शाल.

आता प्रवासाचं. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढायचा आणि जाताना बोगदा. घाटात ओवी तिसऱ्या वळणाला ओकते, हमखास. पहिल्यांदा झालं तेव्हा कव्हर काढायला मला चाळीस मिनिटं लागली, कारण ते पट्ट्यांमधून ओवलेलं होतं. पट्टे मशीनमध्ये टाकायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. म्हणून दुकानातच एकदा कव्हर काढून घालून बघा, दुकानदार कंटाळला तरी. आणि एप्रिलमध्ये बक्कलवर पांढरा पंचा टाकून ठेवा. उन्हात ते लोखंड चटका देतं.

दीड वर्षाची असताना नणंदेकडे बेंगळुरूला विमानाने गेलो. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर, त्यामुळे तिला वेगळी जागा नाही आणि सीट सामानात. तसंही आमची सीट खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याशिवाय बसत नाही आणि विमानात फक्त कमरेचा पट्टा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक सीटवर विमानात चालते असं लाल अक्षरांत छापलेलं असतं, आमच्या सीटवर नव्हतं. आईने जुन्या लुगड्यांची वाकळ दिली, तिच्यात सीट गुंडाळून सुतळीने बांधली. सामानाच्या पट्ट्यावरून ती आली तेव्हा वाकळ एका कोपऱ्यात फाटलेली आणि आत प्लास्टिकवर बोटभर ओरखडा. विमानतळावरच खाली बसून कव्हर उघडलं, आतलं थर्माकोल दाबून दाबून पाहिलं, सांगाडा उजेडात धरला. तडा नव्हता.

बाहेर टॅक्सी. मागच्या सीटला गुबगुबीत कव्हर आणि पट्ट्याची बक्कलं त्याच्या खाली गडप. ड्रायव्हर म्हणाला, मागे कोण लावतं? मी हात कोपरापर्यंत आत घालून एक बक्कल शोधलं. वीस मिनिटं गेली, वेटिंगचे पैसे पडले. नवरा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. परतीच्या टॅक्सीला मी आधीच फोन करून विचारलं, मागचे पट्टे वर आहेत का? ड्रायव्हरला कन्नड आणि हिंदी येत होतं, मला मराठी आणि हिंदी; पण "बेल्ट ऊपर है क्या" हे त्याला तिसऱ्यांदा कळलं. त्याने काढून ठेवले होते.

गेल्या महिन्यात ओवी १३ किलोची झाली. तीन वर्षं एक महिना. सीट सरळ केली, पट्टे लाल मार्गाने. उलट्यात खांद्याचे पट्टे खांद्याच्या खालच्या भोकातून लागतात, सरळमध्ये वरच्या, तेही बदलले. ती पहिल्यांदा पुढे बघत निघाली आणि वाढे फाट्यापर्यंत प्रत्येक ट्रकचा रंग सांगत होती.

नणंदेला दिवाळीनंतर बाळ होणार आहे. ती म्हणाली, तुमची सीट होईलच ना तोवर मोकळी, मलाच दे. होणार नाही खरं तर, १८ किलो व्हायला ओवीला वेळ आहे. पण त्याआधी तो ओरखडा आहे. तिच्याकडे उतरलो तेव्हा वाकळ आम्ही आल्या आल्या धुवायला टाकली होती, तिला काही माहीत नाही. रविवारी ती येणार आहे. कव्हर उघडून तो कोपरा तिला दाखवीन, मग तिचं तिने ठरवावं.