गुडघ्याच्या वरची

मटारचं पाकीट ओढायला गेले आणि फ्रीझरच्या तळातून एक छोटा डबा सुटून थेट पायाच्या अंगठ्यावर पडला. दगडच. अंगठा चोळत उचलला, तर झाकणावर आईचं अक्षर : 'करवंद. ऑगस्ट २०१९.' आत करवंद नाही हे मला माहीत होतं, आणि लिहिताना आईलाही माहीत होतं.

आत आहे ब्लॅकबेरीचा जॅम. आम्ही सिॲटलच्या पलीकडे रेडमंडला राहतो. इथे समामिश नदीच्या काठाने सायकलींची वाट जाते आणि ऑगस्टमध्ये तिच्या कडेच्या जाळ्या काळ्याभोर होतात. तिकडे श्रावण कोसळत असतो, इकडे पाण्याचा टिपूस नाही. फळ कुणाच्याच मालकीचं नसतं. दुकानात याच फळाच्या टीचभर डबीचे पैसे बघून मी पुढे सरकते, पण फुकट म्हटलं की माझ्यातली आजोळची पोर जागी होते. मग जुनी पँट, लांब बाह्या, दह्याचे रिकामे डबे, आणि निघालो.

तोडायचे नियम शेजारच्या आजींनी शिकवलेले. चकचकीत दिसतं ते फळ आंबट. पिकलेलं जरा मंद, धूळ बसल्यासारखं दिसतं आणि नुसतं बोट लावलं की हातात येतं. ओढावं लागलं तर सोडून द्यायचं. झुबक्याच्या टोकाचं आधी पिकतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गुडघ्याच्या वरचीच फळं तोडायची, कारण खालच्या भागावर कुत्र्यांचा हक्क. आई त्या वर्षी आमच्याकडे आली होती, तिला हा नियम फार पटला. "म्हणजे सोवळंच की हे," म्हणाली, आणि पुढचे दोन तास कमरेच्या खाली वाकली नाही.

काटे मात्र तिला आवडले नाहीत. करवंदीचा काटा सरळ, दुतोंडी. टोचतो आणि मोकळा होतो. हा आकड्यासारखा मागे वळलेला. हात आत जाऊ देतो, बाहेर काढताना बाही धरून ठेवतो. आईची ओढणी अशी अडकली की सोडवायला एक सायकलवाला थांबला. त्याला ती मराठीत "असू दे, असू दे" म्हणत राहिली.

आजोळ संगमेश्वर तालुक्यात. घरामागे चढून गेलं की सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि सड्यावर मे महिन्यात करवंदीच्या जाळ्या. पहिला पाऊस पडला की संपलं, मग फळात पाणी आणि अळी. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्हा मावस-मामे भावंडांची घाई असायची. कुड्याच्या नाहीतर कुठल्याही मोठ्या पानाचा द्रोण करायचा, तो भरायचा नाही, कारण तोडलेलं तोंडातच जायचं. त्याआधी एकच विधी : अर्धं चावून समोरच्याला विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरलेल्याने पुढचं फळ काट्यातून काढून द्यायचं. माझा मामेभाऊ नुसता देठ बघून ओळखायचा. मला आजवर ते जमलेलं नाही. संध्याकाळी ओठ चिकाने चिकटलेले, आणि आजी खोबरेल तेलाचं बोट घेऊन दारात उभी.

करवंदाचा जॅम कुणी केला नाही. घरापर्यंत फळ पोचेल तेव्हा ना! कच्च्या करवंदांचं लोणचं व्हायचं तेवढंच. बरण्या होत्या त्या साखरांब्याच्या, तोंडाला दादरा बांधलेल्या. त्यांवर तारीख नसे. आजी नुसतं बोट दाखवायची : हा विहिरीवरच्या आंब्याचा, हा गोठ्यामागच्याचा.

ब्लॅकबेरीच्या इथल्या जातीचं नाव 'हिमालयन ब्लॅकबेरी'. हे कळल्यावर आई खूश. "बघ, आपलीच!" मी तिथेच सांगायला नको होतं, पण मला राहवत नाही. कॅलिफोर्नियात सांता रोझा गावी ल्यूथर बरबँक नावाचा गृहस्थ होता, झाडांवर प्रयोग करणारा. फ्रेंच फ्राइजचा बटाटा ज्याच्या नावाने ओळखला जातो तोच. त्याला बियांच्या देवाणघेवाणीत भारतातून एक पुडी आली. त्याने त्यातली ही जात निवडली आणि १८८५ साली, म्हणजे मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं त्याच वर्षी, 'हिमालया जायंट' म्हणून बाजारात आणली. नंतर वनस्पतीवाल्यांनी ठरवलं की ही मूळची आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची. शास्त्रीय नावातही आता आर्मेनियाच आहे. खऱ्या हिमालयात, कुमाऊंकडे, तिची बहीण हिसालू मिळते, केशरी-पिवळी. ही इथे एवढी फोफावली की वॉशिंग्टन राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत जाऊन बसली. चुकीच्या पत्त्यावर भारतातून आलेलं तण वगैरे वगैरे. यावर एक छान रूपक करता येईल, ते मी करणार नाही.

"म्हणजे आपली नाही तर," आई म्हणाली आणि पुढचं फळ तोडलं.

घरी येऊन फ्रीझर जॅम करायला घेतला आणि खरी लढाई सुरू झाली. यात फळ शिजवतच नाहीत. तीन कप कुस्करलेलं फळ, सव्वापाच कप साखर, हलवून दहा मिनिटं ठेवायचं. पाऊण कप पाण्यात पेक्टिनची, म्हणजे जॅम आळवणारी, पूड मिनिटभर उकळायची आणि ती फळात ओतून साखर विरघळेपर्यंत ढवळायचं. डब्यात भरताना वर अर्धा इंच जागा सोडायची, गोठताना फुगतं म्हणून. चोवीस तास ओट्यावर, मग फ्रीझर. आई बाजूला उभी, हातात झारा. तिला पाकाची तार बघायची होती. "चटका कधी देणार?" देणार नाही म्हटल्यावर चेहरा असा, जणू मी कच्ची कणीक पानात वाढते आहे.

खरं तर गुलकंदाला तरी कुठे चूल लागते? पाकळ्या, खडीसाखर, आणि गच्चीवर ऊन. तो उन्हावर, हा बर्फावर. हे मी बोलून दाखवलं. "गुलकंदाला ऊन लागतं," आई म्हणाली, "थंडीवर काही शिजत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण चव म्हणाल तर शिजवलेल्या जॅमला शिजवल्याची चव येते, आणि याला जाळीपाशी उभं राहून खाल्ल्याची. फक्त बिया दातात अडकतात, त्या दोन्हीकडे.

मग साखर. सव्वापाच कप हा आकडा तिच्या गळी उतरेना. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं की साखर कमी करू नका. ही पूड साखर आणि आंबटपणा यांच्या जोरावरच धरते. मी दोन मिनिटांसाठी फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा साखरेच्या डब्याला झाकण लागलेलं होतं आणि आई अगदी निष्पापपणे ढवळत होती. किती घातली ते कधीच कबूल केलं नाही. जॅम अर्थातच आळला नाही. चोवीस तासांनी डबा कलता केला तर काकवीसारखा वाहिला. पोळीवर घेतला की कडेने ओघळून मनगटापर्यंत. लेकीने ताटात ओतून चमच्याने खाल्ला आणि आणखी मागितला. आईने विजयी मुद्रेने सगळ्या डब्यांवर मार्कर फिरवला. ब्लॅकबेरी लिहायला जागा पुरत नाही म्हणाली.

त्यानंतरच्या वर्षी विमानंच बंद होती. मग तिचे गुडघे. आता एवढा प्रवास नको म्हणते. मी दर ऑगस्टला जाते, साखर मापाने घालते, जॅम छान आळतो.

संध्याकाळी, तिकडचा सकाळचा चहा झाला असेल अशा बेताने, फोन केला.

"आई, तुझं करवंद सापडलं."

"कुठलं गं?"

सांगितलं.

"अगं बाई, अजून आहे? वर्षभराचंच असतं ना ते? टाकून दे." मग थोडं थांबून, "डबा मात्र धुऊन ठेव. चांगला आहे तो."

हो म्हटलं. उसळीतून उरलेल्या मटारच्या पाकिटाला रबर लावलं आणि ते फ्रीझरच्या तळाशी, त्या डब्यावर, नीट बसवून ठेवलं.