सुपरनोव्हा होतो तेव्हा मेघ आधीच फाटलेला असतो

शेजारच्या दीर्घिकांमधल्या वायूत भगदाडं दिसली की सगळं श्रेय सुपरनोव्हाला, म्हणजे जड ताऱ्याच्या अखेरच्या स्फोटाला, देऊन मोकळं व्हायची सवय आहे. मला ते पटत नाही. तारकापुंजातल्या सर्वांत जड ताऱ्यांचाही स्फोट व्हायला साधारण ३०-४० लाख वर्षं लागतात. तोवर त्यांच्याच प्रकाशाने आणि वाऱ्यांनी जन्मदात्या वायूमेघाचा बराचसा भाग उधळून लावलेला असतो.

खरा कर्ता अतिनील प्रकाश. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा फोटॉन हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटा करतो. ओ वर्गातला, म्हणजे सर्वांत तप्त गटातला, दणकट तारा असे फोटॉन सेकंदाला १०^४९ सोडतो. दर घनसेंटीमीटरला १०० अणू असतील, तर त्याच्याभोवती सुमारे १० प्रकाशवर्षं त्रिज्येचा आयनीभूत (इलेक्ट्रॉन सुटलेल्या) वायूचा गोळा तयार होतो. घनता शंभरपट कमी असेल, तर तीच त्रिज्या एकवीसपट! म्हणून तारा केवढा आहे याइतकंच तो कशात बसलाय हेही बघावं लागतं.

मेघातला वायू जेमतेम १०-२० केल्विनचा. आयनीभूत झाला की तो १०,००० केल्विनच्या आसपास जातो, दाब चढतो आणि सेकंदाला साधारण १० किलोमीटरने वायू पसरू लागतो. दहा लाख वर्षांत ३३ प्रकाशवर्षं झाली. ताऱ्यांचे वारे सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटरचे, पण त्यांनी तापवलेला वायू पोकळीभोवतीच्या मेघाच्या भिंतीतल्या फटींतून निसटतो, त्यामुळे धक्का अपेक्षेपेक्षा कमी बसतो. मोठा मॅजेलॅनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या टॅरंट्युला तेजोमेघात क्ष-किरणांत दिसणारा हा तप्त वायू पोकळ्यांमध्ये भरलेला आहे.

मग सुपरनोव्हा. ऊर्जा सुमारे १०^५१ अर्ग (ऊर्जेचं एकक), पण दाट मेघात ती लवकर प्रकाशरूपाने निघून जाते. आधीच रिकाम्या झालेल्या पोकळीत स्फोट झाला तरच धक्का दूरवर पोचतो.

हा आयनीभूत वायू मोजतात तो एच-आल्फा या हायड्रोजनच्या लाल वर्णरेषेने. मोजमापात घोळ होतो तो इथे: ६५६.३ नॅनोमीटरच्या एच-आल्फा फिल्टरमध्ये शेजारच्या नायट्रोजनच्या रेषाही शिरतात, त्या वजा न केल्यास तेज फुगतं. धूळ उलटं करते, प्रकाश अडवून तेज घटवते. एच-आल्फा आणि एच-बीटा (हायड्रोजनचीच निळसर रेषा) यांचं गुणोत्तर धूळ नसताना २.८६ हवं, ते ४ आलं तर खरं एच-आल्फा मोजल्याच्या दुपटीहून थोडं जास्त समजा. आणि गंधकाच्या ६७१.६ व ६७३.१ च्या रेषांची बेरीज एच-आल्फाच्या ०.४ पटीहून जास्त भरली, तर तिथे आघाततरंग असल्याचा, बहुधा सुपरनोव्हा अवशेषाचा, संशय घ्यावा.

अंतराचंही भान हवं. एम३३ या जवळच्या दीर्घिकेत एक आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे सुमारे १३ प्रकाशवर्षं, त्याहून दूरच्या एम७४ दीर्घिकेत जवळपास १५५. दहा प्रकाशवर्षांचा गोळा तिथे नुसता ठिपकाच, आणि त्या ठिपक्यात बहुधा शेजारचे दोन-चार गोळेही मिसळलेले असतात.