सीपीएल ते टाइप रेटिंग: मधल्या महिन्यांत काय करायचं

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आलं की चवथीला जमलेले सगळे एकच विचारतात, "एअरलाइनीत कधी लागणार?" उड्डाणाचे २०० तास भरलेले असतात, पण टाइप रेटिंगचं, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचं, बोलावणं यायला कित्येक महिने जाऊ शकतात. या काळात सगळ्यात आधी गंजतो तो इन्स्ट्रुमेंट स्कॅन, म्हणजे उपकरणांवरून नजर फिरवायची सवय, आणि त्याच्या पाठोपाठ तोंडी गणित. लँडिंग हाताला लवकर आठवतं.

गणितासाठी पुस्तक नको, दाबोळी विमानतळाचा मेटार, म्हणजे हवामानाचा अहवाल, पुरतो. पावसाळ्यात समजा २२० अंशांवरून २४ नॉट वारा आहे आणि धावपट्टी २६, म्हणजे २६० अंशांची. कोन ४० अंशांचा. घड्याळाची रीत लावा, अंश म्हणजे मिनिटं समजा: ४० मिनिटं म्हणजे तासाचे दोन-तृतीयांश, म्हणून क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, २४ च्या दोन-तृतीयांश, साधारण १६ नॉट. हे पाच सेकंदांत यायला हवं. मेटारमधला वारा ट्रू नॉर्थवरून, म्हणजे खऱ्या उत्तरेवरून, दिलेला असतो, धावपट्टीचा आकडा मॅग्नेटिक, होकायंत्राच्या उत्तरेवरून. गोव्यात फरक जेमतेम एखाद्या अंशाचा, म्हणून इथल्या मुलांना तो कधी खुपत नाही. मुलाखतीत कोणी विचारलं की गडबड होते.

तसंच उतरण्याचं. ३५ हजार फुटांवरून खाली यायचं तर ३५ गुणिले ३, म्हणजे १०५ नॉटिकल मैल आधी निघायचं, आणि वेग कमी करायला आणखी दहाएक मैल. मागून वारा असेल तर त्याहून लवकर निघायचं. तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर, म्हणजे उतरण्याच्या उतारावर, खाली यायचा दर म्हणजे ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशेबाचा वेग) गुणिले ५: १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट.

सिम्युलेटर चाचणीत बहुतेक जण इथेच घसरतात. ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (कुठे वळायचं ते दाखवणारं उपकरण) बंद, रॉ डेटा आयएलएस, म्हणजे धावपट्टीच्या रेडिओ संकेतांच्या नुसत्या सुया बघून उतरणं. लोकलायझर, म्हणजे डावी-उजवी दिशा दाखवणारी सुई, अर्धा डॉट सरकला की सेसनाच्या, शिकायच्या छोट्या विमानाच्या, सवयीने १० अंश वळतात, सुई पलीकडे जाते, मग पुन्हा १०, आणि तोवर ग्लाइडस्लोपकडे कोणाचंच लक्ष नसतं. दोन-तीन अंशांची दुरुस्ती करा, थांबा, सुई काय करते ते बघा. घरच्या कॉम्प्युटरवर रोज दोन अप्रोच (उतरण्याचे प्रयत्न) आणि एक होल्डिंग (आकाशात ठरावीक फेऱ्या मारत थांबणं) एवढं पुरे. होल्डिंगमध्ये इनबाउंड लेगवर, म्हणजे ठरलेल्या बिंदूकडे येताना, वाऱ्यासाठी जितका ड्रिफ्ट धरावा लागला त्याच्या तिप्पट आउटबाउंडला, दूर जाताना. मात्र त्या कॉम्प्युटरवर फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, शिकायच्या फंदात पडू नका, नजरेला चुकीची सवय लागते.

एअरबस ए३२० मिळणार असेल तर साइडस्टिकचं, म्हणजे बाजूच्या छोट्या दांडीचं, आधीच समजून घ्या. बँक (कलणं) दिला आणि स्टिक सोडली की ३३ अंशांपर्यंत विमान तो बँक तसाच धरून ठेवतं, ट्रिमही, म्हणजे नाकाचा तोल राखणंही, आपोआप होतो. नवखा माणूस स्टिक आमटी ढवळल्यासारखी हलवत राहतो आणि मग विमान डुलतंय म्हणतो. बोइंग ७३७ मध्ये उलट, तिथे ट्रिम हातानेच करावा लागतो, आणि थ्रस्ट (इंजिनाचा जोर) वाढवला की नाक वर जातं.

फ्लो, म्हणजे बटणं तपासायचा ठरलेला क्रम, पाठ करायला कॉकपिटचं पोस्टर कपाटाच्या दारावर लावा. पावसात लाइट गेली तरी बोट फिरवत सराव चालू राहतो, आणि अंधारात हात बरोबर जागी जातो का तेही कळतं. मेमरी आयटम, म्हणजे आणीबाणीत तोंडपाठ करायच्या कृती, मात्र नेटवरच्या जुन्या पीडीएफमधून घोकू नका. कंपनीचे शब्द वेगळे निघाले की आधीचे पुसताना दुप्पट त्रास होतो.

उरली कागदपत्रं. क्लास वन मेडिकल चाळिशीच्या आत १२ महिने चालतं, आयआरचीही, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगचीही, मुदत वर्षभराचीच. दोन्हींच्या तारखा एकाच कागदावर लिहून ठेवा. लॉगबुकात प्रत्येक पानाची बेरीज पुढच्या पानावर नीट गेली आहे का बघा, पीआयसी (मुख्य वैमानिक म्हणून केलेलं उड्डाण) आणि इन्स्ट्रुमेंटचे रकाने वेगळे तपासा. चूक सापडली तर एका रेघेने खोडून बाजूला सही करा, व्हाइटनर नको.