तुम्ही विचारलंत म्हणून: इमॅजिका सोडून बिडदीला का?

गेल्या उन्हाळ्यापासून हा प्रश्न मला सांगलीत विश्रामबागेत भाजी घेताना विचारला गेलाय, पालकसभेत विचारला गेलाय, हळदीकुंकवाला विचारला गेलाय आणि एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात कापूस असतानाही. "अहो, इमॅजिका एवढं जवळ असताना वंडरलासाठी पार बंगळुरूला कशाला गेलात?" दोन्ही राइड्सची आणि पाण्याची पार्कं, एक खोपोलीला, दुसरं बंगळुरूजवळ बिडदीला. विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना यंदा खरंच मुलांना कुठंतरी न्यायचं असतं. उरलेल्यांना आम्ही पैसा कसा उडवतो यात रस असतो. दोघांनाही मी आजवर सुचेल ते उत्तर दिलं. आता एकदाच काय ते लिहून टाकते.

मुलीच्या कानाचं बहुतेकांना ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी एवढंच: तिला कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात आत बसवलेलं यंत्र. कानामागचं मशीन आणि डोक्याला चुंबकानं चिकटणारी चकती लावलेली असली की ऐकू येतं. काढली की काही नाही. कमी नव्हे, काहीच नाही.

कागदावर दोन्ही ठिकाणं जुळी भावंडं वाटतात. आमच्या ह्यांनी तर वहीत रकाने आखले होते. इमॅजिका २०१३ ला खोपोली-पाली रस्त्यावर सुरू झालं, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आलं, मग लागूनच नोव्होटेल. वंडरला २००५ पासून म्हैसूर रस्त्यावर बिडदीला आहे आणि २०१२ पासून आवारातच त्यांचं रिसॉर्ट आहे. दोन्हीकडं पोटात गोळा आणणाऱ्या राइड्स, दोन्हीकडं पाणी, दोन्हीकडं रात्री पाय पसरायला खोली. मग राहिलं अंतर. सांगलीहून खोपोली साधारण ३०० किलोमीटर, पुणं ओलांडलं की एक्स्प्रेसवे, पहाटे गाडी काढली तर उन्हं चढायच्या आत पोचता येतं. बिडदी याच्या दुप्पट लांब. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची, सकाळी बंगळुरू, तिथून पुन्हा टॅक्सी. ह्यांच्या वहीत इमॅजिका जिंकत होतं. ते मी तेव्हाही नाकारलं नव्हतं.

खरा फरक वहीत नव्हता. इमॅजिका उभं केलं मनमोहन शेट्टींनी, म्हणजे सिनेमाच्या धंद्यातल्या माणसानं. पुढं २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणींकडं गेलं, पण मूळ घडण सिनेमावाल्याचीच. तिथं झपाटलेला सलीमगढ आहे, देवांचा कोप दाखवणारा रॅथ ऑफ द गॉड्स आहे, होडीत बसून डायनासोर बघायला राजासॉरस आहे, खुर्चीत बसून देशावरून उडवणारं आय फॉर इंडिया आहे. जिकडं बघाल तिकडं कुणीतरी काहीतरी सांगतंय. वंडरला व्ही-गार्डच्या कोचौसेफ चिट्टिलप्पिळ्ळींचं. आमच्या फ्रिजला त्यांचाच स्टॅबिलायझर आहे. तिथं गोष्टीबिष्टींचा फार सोस नाही. यंत्र आहे, बसा, उलटे व्हा, किंचाळा, उतरा. शिवाय कोरडं आणि ओलं एकाच तिकिटात. इमॅजिकात थीम पार्कचं तिकीट वेगळं, वॉटर पार्कचं वेगळं.

माझ्यासारखीनं यातलं काय निवडायला हवं, हे लहान पोरही सांगेल. इमॅजिका. एक अख्खा दिवस कोरडा, मशीन कानावर. दुसरा अख्खा दिवस ओला, मशीन खोलीत. सारखी काढघाल नाही. आणि गोष्टी! स्पीच थेरपीत आम्ही दोघींनी वर्षंच्या वर्षं दुसरं केलं काय? गोष्ट ऐक, आता तू सांग. ससा कुठं गेला? मग कासव काय म्हणालं? त्या पोरीला गोष्टींच्या दारात नेऊन उभं करायचं सोडून मी तिला किंचाळायच्या यंत्रांकडं नेलं. पहिले काही दिवस मीही इमॅजिकाच म्हणत होते. मग एका रात्रीत फिरले. ह्यांना त्याचा अजून राग आहे.

लोकांना मी सांगितलेलं पहिलं कारण इमॅजिकातल्या त्या गोष्टींमधला अंधार. इम्प्लांटवाल्या मुलांना गोंगाटात आणि घुमणाऱ्या हॉलमध्ये शब्द नीट लागत नाहीत. आमची पोरगी उरलेलं ओठ बघून भरून काढते. अंधारात ओठ कुठले दिसायला? हे कारण खोटं नाही. पण मी ते घरात मांडलं तेव्हा हे म्हणाले, "तिला काय कळेल नि काय नाही, हे तू कशाला ठरवतेस?" यावर मी भांडी आवरायला उठले.

दुसरं कारण रिसॉर्ट आवारातच आहे, मशीन खोलीत ठेवून येता येतं, हे. नणंदेनं ते फार वेळ टिकू दिलं नाही. "वहिनी, नोव्होटेल काय पनवेलला आहे होय?"

तिसरं, सासूबाईंना बंगळुरू बघायचं होतं. हे अर्धं खरं. बघायचं होतं, पण मागची तीस वर्षं.

आता खरं कारण. ते बिडदीचंही नाही नि खोपोलीचंही नाही. त्याच्या आदल्या वर्षी ह्यांच्या ऑफिसची सहल इकडच्याच एका छोट्या वॉटर पार्कला गेली होती. कुठलं ते सोडा. सगळ्यांची बायकापोरं, एक बस, डब्यातून भडंग. पाण्यात जायच्या आधी मी मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलं आणि डबा हातात धरून काठावर उभी राहिले. ऑडिओलॉजिस्टनी बजावलेलं होतं की पाण्याचं तर सोडाच, प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवरही मशीन काढूनच बसवा. स्वेटर काढताना चटचट होते ना, तसली वीज तिथं अंग घासून तयार होते आणि मशीनचं सेटिंग बिघडवू शकते. डोक्याला मार लागू देऊ नका, हेही सांगितलेलं. आम्ही सगळं पाळतो. पाळत होतो त्या दिवशीही.

ती घसरगुंडीवरून खाली आली आणि खालच्या पाण्यात तशीच उभी राहिली, तोंड वर करून. मागून धाकटा भाऊ येणार होता, त्याला बघायचं होतं. कडेच्या माणसानं शिट्टी मारली. पुन्हा मारली. वरून भाऊ नाही, एक दांडगा पोरगा सुटला होता. मी काठावरून ओरडले. कुणाला ओरडत होते कोण जाणे, तिला तर ऐकू येणार नव्हतं. आता जे सांगते ते ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. मी उडी मारली नाही. आधी डबा कुठं ठेवू म्हणून बघितलं. कट्टा ओला होता, शेजारी कुणी ओळखीचं नव्हतं, खुर्चीवर कुणाचे तरी टॉवेल होते. मी डब्याला जागा शोधत होते आणि तेवढ्यात तो पोरगा येऊन तिच्यावर आदळला.

फार लागलं नाही. ओठ फुटला. डोक्याला काही नाही, मी नंतर बोटं फिरवून फिरवून बघितलं. पण आधी तो शिट्टीवाला पाण्यात उतरला, तिला दंडाला धरून बाजूला केलं आणि म्हणाला, "शिट्टी ऐकू येत न्हाई व्हय गं? बहिरी हायेस काय?"

तिनं त्याच्या ओठांकडं बघितलं आणि मान डोलावली. "हो."

अगदी सरळ, शाळेत हजेरी द्यावी तसं. त्याला वाटलं पोरगी उलटून बोलतेय. तो आणखी चिडला. मग मी पोचले, डबा छातीशी धरूनच, आणि काय काय बोलले ते मला आठवत नाही. त्याचा चेहरा पडला. हात जोडायला लागला बिचारा. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी तेच म्हणाला असता. आपण घराघरांत दिवसातून चारदा एकमेकांना तेच विचारतो.

डब्याबद्दल तुम्ही मनात काय म्हणताय ते मला कळतंय. काही लाखांचं मशीन आहे. ते पाण्यात गेलं असतं तर दुसरं मिळेपर्यंत ती किती महिने शाळेत नुसती बसून राहिली असती, याचा हिशेब त्या दोन क्षणांत माझ्या डोक्यात झाला होता. तो हिशेब चुकीचा नव्हता. तरी रात्री कधी जाग आली की मी त्या काठावर उभी असते आणि डब्याला जागा शोधत असते. आधीची मी म्हणते, पोरगी आधी. आत्ताची मी म्हणते, मशीन म्हणजेही पोरगीच की. दोघींचं जमत नाही.

पण बिडदीला नेलं ते या धडकेमुळं नाही. परतीच्या बसमुळं. सहलीतल्या अर्ध्या बायकांना तोवर माहीतच नव्हतं. केस लांब ठेवलेत, मशीन त्याखाली झाकलं जातं, बोलतेही बरी. त्या दिवशी ओले केस मागं घेतले तेव्हा सगळ्यांना दिसलं. मग सांगलीपर्यंत प्रत्येकीनं तिला चॉकलेट दिलं. खिडकीची जागा दिली. एकीनं माझा हात धरून "तुमचं खरंच कौतुक आहे हो," असं म्हटलं. पोरीनं मला विचारलं, "आज माझा वाढदिवस आहे का?"

म्हणून. मे महिन्यात इमॅजिकाला गेलं की सांगली-कोल्हापूरचं कुणी ना कुणी रांगेत भेटणारच. ह्यांचे ऑफिसवाले, शाळेतल्या बाई, कुणाची तरी वन्सं. मला तिला मशीन काढून, ओल्या केसांनी, जिथं आम्हाला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी दोन दिवस मोकळं सोडायचं होतं. तुम्ही याला लाज म्हणाल. नणंद म्हणालीच. मी म्हणत नाही. पोरीची लाज वाटली असती तर मी तिला घरात ठेवलं असतं. मला चॉकलेटं नको होती, एवढंच. अर्थात केस लांब ठेवायचे कुणी ठरवले, असं कुणी विचारलं तर ते मीच.

बिडदीचं थोडक्यात सांगते. सकाळी कोरड्या राइड्स. वेगाच्या राइडला मशीन काढायचं, हळू असेल तर ठेवायचं. दुपारनंतर पाणी, मशीन बंद. डबा सासूबाईंकडं. त्यांचं माहेर अथणी, कानडी फडाफडा बोलतात, फक्त ती आमच्या बाजूची कानडी. तिकडचा रखवालदार ती ऐकून गालात हसायचा आणि मग चारदा सांगायचा. आम्हा बाकीच्यांना एक अक्षर कळत नव्हतं. दिवसभर हे, मी आणि धाकटा, सासूबाईंना एकच विचारत होतो, "काय म्हणाला?" आमच्या घरात हा प्रश्न एरवी एकच माणूस विचारतं. पोरीला त्याची इतकी गंमत वाटली की ती मुद्दाम मान हलवून आम्हाला सांगायची, काही नाही, नंतर सांगते. हे तिला कुठून येतं ते मला बरोबर ठाऊक आहे. आपण सगळे तिला तेच म्हणतो.

लाटांच्या तळ्यात तर ती सगळ्यांच्या पुढं होती. माणसं कुठल्या बाजूला सरकतात ते बघून तिला लाट आधी कळायची. आम्ही खुणा ठरवल्या होत्या: एक हात वर म्हणजे माझ्याकडं बघ, दोन्ही वर म्हणजे बाहेर ये. दोन्ही हात वर करून मी काठावर नाचत राहिले आणि ती मुद्दाम पाठ करून उभी. तेवढं सगळीच पोरं करतात.

तर हे झालं का गेलो ते. यावरून तुम्ही कुठं जावं हे ठरत नाही. कान धड असतील, गाडी असेल, दोनच दिवस सुटी असेल तर खोपोलीला जा, ह्यांची वही देते हवी तर. असं मूल असेल तर कुठंही जा, पण जादा बॅटऱ्या घ्या, रात्री मशीन सुकवायचा डबा घ्या, राइडवरच्या माणसाला बसायच्या आधी सांगा, आणि डबा सांभाळायला एक माणूस वेगळं न्या. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

आणि आमच्या पोरीला विचाराल तर ती इमॅजिका म्हणते, न बघताच. वर्गातल्या मैत्रिणी जाऊन आल्यात आणि सलीमगढच्या गोष्टी मधल्या सुटीत चालतात. तिला त्या स्वतः ऐकायच्या आहेत, अंधार असला तरी. ह्यांनी वही परत काढलीय आणि माझ्याकडं बघून काहीच बोलत नाहीत, हे बोलण्यापेक्षा वाईट. मी अजून हो म्हटलेलं नाही. अडचण अशी की सासूबाईंनी यंदा आपणही भुतं बघायला आत येणार असं जाहीर केलंय, आणि मग बाहेर डबा घेऊन कोण बसणार ते आधी ठरू दे.