‘ओटी चार्जेस व साहित्य’ : एका ओळीत अडकलेला क्लेम

आईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून विनासायास पार पडली. पुण्यातल्या त्या रुग्णालयातील डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. जे रखडले ते डिस्चार्जच्या दिवशी, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कसमोर.

सकाळी घरी जाण्याची परवानगी मिळाली आणि दिवेलागणीपर्यंत आई लुगडे नेसून, पिशवी भरून पलंगावर बसून होती. विमा कंपनीने ‘ब्रेक-अप पाठवा’ अशी क्वेरी काढली होती, कारण फायनल बिलातली सर्वांत मोठी रक्कम ‘ओटी चार्जेस व साहित्य’ या एकाच ओळीत कोंबलेली होती. त्यात क्लिपा किती, भुलीची औषधे किती आणि शस्त्रक्रियागृहाचे भाडे किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. डेस्कवरच्या मुलाने संगणकातून ब्रेक-अप छापला, त्यावर शिक्का मारला, तो स्कॅन केला आणि पोर्टलवर चढवला. पलीकडे कोणीतरी तेच आकडे पुन्हा संगणकात भरणार होते. “आमचे कोड वेगळे, त्यांचे वेगळे, सर,” एवढेच तो म्हणाला.

मंजुरी आली ती कपातीसह. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज 4,000 रुपये आणि आमची खोली 5,000 रुपयांची, म्हणून सगळे बिलच सरसकट 20 टक्क्यांनी कापले होते. वास्तविक आयआरडीएआय या विमा नियामकाच्या 2020 च्या नियमांनुसार अशी प्रमाणशीर कपात औषधे, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायचे साहित्य), इम्प्लांट (शरीरात बसवायच्या वस्तू) आणि तपासण्या यांवर लावता येत नाही. मात्र बिलात या बाबी वेगळ्या दिसतच नसतील, तर नियम लावायचा कशावर? फरकाची रक्कम भरून आईला घरी आणले आणि मग पत्रव्यवहाराला बसलो.

आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत मिळायला हवी आणि त्याहून उशीर झाल्यास रुग्णालयाने लावलेला वाढीव खर्च विमा कंपनीने सोसायचा आहे. पण हे तास डॉक्टरांच्या सहीपासून नव्हे, तर रुग्णालयाची विनंती विमा कंपनीला पोहोचल्यापासून मोजतात. ती वेळ डेस्ककडून लिहून घ्यावी. दाखल होण्यापूर्वीच पॅकेजमध्ये काय धरले आहे, हेही लेखी मागावे. महाराष्ट्रातील 2021 च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांना दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते, तेव्हा विचारायला संकोच कशाचा?

राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि आयआरडीएआय यांनी पुढे आणलेली एनएचसीएक्स ही क्लेमच्या देवाणघेवाणीची संगणकीय व्यवस्था नेमकी याच दुखण्यावर आहे. रुग्णालय, टीपीए आणि विमा कंपनी यांनी एफएचआयआर या एकाच संगणकीय साच्यात माहिती पाठवायची, म्हणजे स्कॅन केलेल्या कागदाऐवजी प्रत्येक बाब स्वतंत्र नोंद म्हणून पोहोचेल. एवढ्याने दर आपोआप उतरणार नाहीत. पण एकाच शस्त्रक्रियेचे कुठे किती घेतले, याची तुलना निदान शक्य होईल. आपले रुग्णालय त्यावर क्लेम पाठवते का, हे अवश्य विचारावे.

तक्रार आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही. नियमाचा उतारा आणि बाबवार तक्ता जोडल्यावर चुकीने कापलेली रक्कम जमा झाली. पत्रात कारण दिले होते, ‘सुधारित ब्रेक-अप प्राप्त’. तो ब्रेक-अप डिस्चार्जच्या दिवशी पोर्टलवर चढवलेलाच होता.