कैकौरा: अल्बट्रॉसला जेवताना बघायचं असेल तर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कैकौऱ्यात थांबणारे बहुतेक जण देवमाशासाठी थांबतात. खिशाला बोटीची एकच फेरी परवडणार असेल, तर अल्बट्रॉसची घ्या असं मी सांगेन. देवमासा शेपूट दाखवून खाली जातो. हा पक्षी हाताच्या अंतरावर येऊन भांडतो.

क्राइस्टचर्चहून कैकौरा साधारण १८० किलोमीटर, गाडीने अडीच तास. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे भाड्याची गाडी घ्यायला हरकत नाही. बोट सकाळची धरा, वारा वाढायच्या आत परतता येतं. हवामान बिघडलं की फेरी रद्द होते, म्हणून मुक्कामाला एखादा दिवस मोकळा ठेवा. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी तासभर घ्या. मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. भर डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातसुद्धा वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी हवीच.

बोटीला फार लांब जावं लागत नाही. गावाच्या दक्षिणेला हजार मीटरहून खोल अशी समुद्रतळाची दरी जवळजवळ किनाऱ्याला भिडली आहे. तिथे खाद्याची रेलचेल असते, म्हणून माकूळ (स्क्विड) आणि मासे येतात आणि त्यांच्यामागे हे सगळे खवय्ये.

इंजिन बंद झालं आणि माशांच्या गोठवलेल्या कलेजीने भरलेली जाळीची पिशवी पाण्यात सोडली. आधी केप पेट्रेल नावाचे ठिपक्याठिपक्यांचे समुद्रपक्षी जमले. मग वाँडरिंग अल्बट्रॉस आला. तीन मीटरचा पंखविस्तार, पण उतरताना पाय पुढे ताणून पाण्यावर घसरत ब्रेक मारायचा, तोही दुसऱ्याच्या अंगावर! आकाशातला सगळा डौल तिथे संपतो. पंख अर्धे उघडे, मान पुढे, चोचींची खटखट आणि घशातून गाढवासारखं ओरडणं. हे भांडण सुरू असताना फोटोच्या नादी लागू नका, चोच बघा. दोन्ही बाजूंना नळीसारख्या नाकपुड्या असतात आणि टोकाला थेंब लोंबत असतो. खारं पाणी पोटात जातं, डोळ्यांवरच्या ग्रंथी त्यातलं जास्तीचं मीठ गाळतात, ते असं बाहेर पडतं.

नाकही तेवढंच तिखट. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरच्या वाँडरिंग अल्बट्रॉसना जीपीएस बसवून केलेल्या अभ्यासात दिसलं, की ते वीसेक किलोमीटरवरून वासाचा माग काढू शकतात. मोठ्या अल्बट्रॉसला खोल बुडी मारता येत नाही. त्यामुळे मेलेलं, तरंगणारं माकूळ हे त्याचं मुख्य अन्न, जोडीला मासे आणि सडकं मांसही चालतं. आयतं मिळालं की तो सोडत नाही, आणि हीच खोड जिवावर बेतते. लांब दोरीला हजारो गळ लावून मासेमारी करणाऱ्या बोटींमागे तो आमिषावर झडप घालतो, गळ अडकतो आणि दोरीबरोबर खाली खेचला जाऊन बुडतो. उपाय साधे आहेत: दोरी रात्री सोडायची, तिला वजन लावायचं, मागे फडफडणाऱ्या पट्ट्या बांधायच्या. कलेजी टाकून पक्षी बोलावण्याबद्दल मला थोडी धाकधूक वाटली खरी, पण त्या पिशवीत गळ तर नव्हता.

जेवणारे पक्षी बघून झाले की याच बेटावर आणखी दक्षिणेला, डनिडन शहराजवळच्या टायरोआ हेडला जरूर जा. तिथे रॉयल अल्बट्रॉसची वसाहत आहे. १९३८ मध्ये तिथून पहिलं पिल्लू यशस्वीपणे उडालं, त्यामागे पक्षी-अभ्यासक लान्स रिचडेल यांची राखण होती. आईबाप समुद्रावरून आणलेलं माकूळ आणि तेल पिल्लाच्या चोचीत ओततात. उडालेलं पिल्लू मग काही वर्षं जमिनीला पाय लावत नाही. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन तिकडेच पोट भरतं.

सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत घरट्यांचा हंगाम असल्याने तिथली निरीक्षणाची खोली बंद असते, तेव्हा तारखा बघूनच तिकीट काढा. वेळ उतरत्या दुपारची घ्या आणि वाऱ्याचा अंदाज तपासा. वारा पडलेला असला तर पक्षी उडताना क्वचितच दिसतात.