शिकागोच्या विमानतळावरचं डॉन्टलेस

शिकागोला येणारे आपले बहुतेक लोक ओ'हेअरला उतरतात. शहरातला दुसरा विमानतळ मिडवे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि जपान यांच्यात पॅसिफिक महासागरात झालेल्या मिडवेच्या लढाईच्या स्मरणार्थ १९४९ साली त्याला हे नाव दिलं. इथे कॉन्कोर्स ए कडे जाताना एक खरंखुरं युद्धविमान छताला टांगलेलं दिसतं. बॅगा ओढणारी माणसं त्याच्याखालून घाईघाईनं जातात. मी मात्र ते पाहायलाच लवकर पोचलो होतो.

हे डग्लस एसबीडी डॉन्टलेस, अमेरिकन नौदलाचं डाइव्ह बॉम्बर, म्हणजे उंचावरून सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान. खालून बघताना नजर खिळते ती पंखांच्या मागच्या कडेवर. तिथल्या पट्ट्यांना चाळणीसारखी गोल भोकं आहेत. सूर मारताना या पट्ट्या वर-खाली उघडायच्या आणि विमानाचा वेग आवरायच्या. भोकं नसती तर मागे उठणाऱ्या भोवऱ्यांनी शेपूट थरथरलं असतं आणि नेम गेला असता. पंधरा हजार फुटांच्याही वरून, जवळजवळ ७० अंशांच्या कोनात खाली यायचं आणि दोन हजार फुटांच्या आसपास बॉम्ब सोडायचा. बॉम्ब स्वतःच्याच पंख्यावर आदळू नये म्हणून पोटाखालचा एक दांडा त्याला झोका देऊन बाहेर काढायचा. पायलटला निदान समोर जहाज दिसायचं. त्याच्यामागे पाठमोऱ्या बसलेल्या गनरला सगळा सूर संपेपर्यंत फक्त आकाश! त्या मागच्या जागेकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

४ जून १९४२, मिडवेची लढाई. एंटरप्राइझ या अमेरिकन विमानवाहू नौकेवरून निघालेल्या डॉन्टलेसच्या तुकड्यांना ठरल्या जागी जपानी ताफा सापडला नाही. इंधन संपत आलेलं, तरी त्यांचा प्रमुख वेड मॅक्लस्की यानं शोध सोडला नाही. त्याला आराशी ही एकटी जपानी विनाशिका भरधाव जाताना दिसली. पाणबुडीच्या मागे लागून ती ताफ्यापासून मागे पडली होती. तिचीच दिशा धरून तो निघाला. सूर मारताना गोंधळ उडाला आणि जवळजवळ सगळी विमानं कागा या जपानी विमानवाहू नौकेवर तुटून पडली. हे पाहून एका तुकडीचा प्रमुख डिक बेस्ट फक्त दोन सोबती घेऊन आकागी या दुसऱ्या विमानवाहू नौकेकडे वळला. तीन विमानांच्या त्या हल्ल्यानं आकागी संपली. त्याच वेळी यॉर्कटाउन या दुसऱ्या अमेरिकन नौकेवरच्या डॉन्टलेसनी सोर्यू ही तिसरी जपानी विमानवाहू नौका पेटवली, आणि दुपारी चौथीची, हिर्यूचीही तीच गत झाली.

‘पाच मिनिटांत युद्ध फिरलं’ असं सगळीकडे लिहितात. मला ते अपुरं वाटतं. त्याआधी टॉर्पेडो टाकणारी ४१ संथ अमेरिकन विमानं पाण्यालगत गेली होती. त्यातली बहुतेक परतलीच नाहीत. जपानी लढाऊ विमानं त्यांच्यामागे खाली गुंतली, म्हणून वरचं आकाश मोकळं मिळालं. त्या माणसांना वगळून ही गोष्ट सांगूच नये.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. आकागी, सोर्यू आणि हिर्यू दोनच महिने आधी हिंदी महासागरात होत्या. ९ एप्रिलला श्रीलंकेजवळ ब्रिटिशांची हर्मिस ही विमानवाहू नौका बुडाली, ती जपानी डाइव्ह बॉम्बरांच्याच माऱ्यानं. या कलेत जपानी वैमानिक तेव्हा कुणालाही हार जाणारे नव्हते.

छतावरचं हे विमान मिडवेला लढलेलं नाही. ते मिशिगन तळ्याच्या तळातून काढलेलं आहे. त्याचा माग घ्यायला मी ऑरेंज लाइनची लोकल पकडून शहरात आणि तिथून तळ्याकाठच्या नेव्ही पिअर या धक्क्यावर गेलो. आज तिथे आकाशपाळणा आणि सहलीच्या बोटी आहेत. युद्धकाळात तिथे वुल्व्हरिन आणि सेबल उभ्या असायच्या. दोन्ही मूळच्या बाजूच्या चाकांनी पाणी कापत जाणाऱ्या, कोळशावर चालणाऱ्या प्रवासी बोटी. वर सपाट डेक चढवून त्यांच्या विमानवाहू नौका केल्या, कारण इथे शत्रूच्या पाणबुड्यांची भीती नव्हती. सतरा हजारांहून जास्त वैमानिक डेकवर उतरायला इथे शिकले. शंभरावर विमानं पाण्यात गेली. थंड, गोड्या पाण्यात ती पुष्कळशी टिकून राहिली, म्हणून आज अमेरिकेतल्या कितीतरी संग्रहालयांत याच तळ्यातली डॉन्टलेस आहेत.

तुमचा मुक्काम मिडवेऐवजी ओ'हेअरला असेल, तर तिथलं वाइल्डकॅट हे लढाऊ विमान शोधा. तेही याच तळ्यातून वर आलेलं आहे.